चादर, घंटा, बटाटा, शिडी, खार

सोमवार, ३ तारीख

ही वही मापांची. डाव्या पानावर गिऱ्हाइकांची मापं आणि उजवं पान कोरं. सून म्हणाली, "आई, दिवसभर मशीनशी बोलत बसता, त्यापेक्षा लिहून काढा." म्हणजे मी गप्प बसावं. बरं. उजवं पान माझं.

आज हेडमास्तर आले होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी चालताना हात पाठीमागे, जशी काही पोरं अजून रांगेत उभी आहेत. गल्लीच्या टोकाचा बॉक्सिंगचा हॉल बंद करा असा अर्ज नगरपालिकेत द्यायचाय, त्याला सह्या गोळा करतायत. "आजीबाई, ही समाजाला लागलेली कीड आहे. माणसानं माणसाला मारायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हा काय खेळ?"

म्हटलं, "आजीबाई कोणाला म्हणता? तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे."

अर्ज वाचायला मागितला. चौथीपर्यंत शाळा झालेली, मी अक्षराला अक्षर लावून वाचते. पण वाचल्याशिवाय सही करत नाही, मग समोर कोणी का असेना. अर्ज निघाला तीन पानी. हेडमास्तर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले, मी पहिल्या पानाच्या मध्याला. शेवटी म्हणाले, "ठेवून घ्या, सावकाश वाचा." कात्रीखाली ठेवलाय.

सही करायची म्हणजे घरातच आग लावायची. माझी नात चार वर्षं त्या हॉलात जाते. सतराची आहे, वजन अठ्ठेचाळीस किलो. हॉलातली पोरं तिला मुंगी म्हणतात, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. तेवीस तारखेला, रविवारी, तिची निवडीची लढत आहे. जिंकली तर क्रीडा वसतिगृहात जागा, पुढे खेळाडू म्हणून नोकरी. हरली तर परत माझ्या मशीनवर, जिथं ती तासाला एक सुई मोडते. बाप जाऊन नऊ वर्षं झाली. आई बिस्किटांच्या कारखान्यात बारा बारा तास डबे भरते. पोरीला इथून बाहेर पडायला दुसरं दार नाही, असं तिचं म्हणणं. मला तसं वाटत नाही, पण दुसरं दार दाखव म्हणाली तर कुठलं दाखवू?

दुपारी तिचा कोच फाटलेली बॅग घेऊन आला. ज्या बॅगेला पोरं बुक्के मारतात ती. तोंडावर मी त्याला सर म्हणते, वहीत नाकमोड्या. नाक दोन ठिकाणी वाकलंय, मग दुसरं काय म्हणणार. बॅग मीच शिवते, मीच भरते, माझ्याच दुकानातल्या चिंध्यांनी. अख्ख्या गल्लीच्या कपड्यांचे तुकडे आहेत तिच्यात. हेडमास्तरांच्या पँटी आखूड केल्या त्याचेही. पोरं रोज त्यांना बुकलतात, त्यांना पत्ता नाही.

"आजी, कधी मिळेल?" "शनिवारी." गेला. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. "आजी, बॅग कधी मिळेल?"

दुपारीच घेत असावा.

बुधवार, ५

मुंगी काल हॉलातून लवकर आली आणि आल्या आल्या मोरीत ओकली. बाहेरचं काहीतरी खाल्लं म्हणाली. आज सकाळी भाजीत दोनदा मीठ घातलं. नळ चालू ठेवून निघून गेली, बादली वाहून पाणी उंबऱ्यापर्यंत. मी तोंड सोडलं तर रडायला लागली. मुंगी रडत नाही. गेल्या वर्षी नाकातून रक्ताची धार लागली होती तेव्हा ही हसत होती आणि तिची आई रडत होती.

दुकानाचा पडदा ओढून घेतला. उजेड टोचतो म्हणे.

नाकमोड्या संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. "आजी, तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं."

"सांगा."

कान खाजवला. माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग म्हणाला, "बॅग झाली का?"

"शनिवारी म्हटलं ना, सर! लिहून देऊ का?"

हसला. हसतो मात्र लहान पोरासारखा. गेला.

शुक्रवार, ७

मला रोग सापडला. पोरीचं कुठंतरी जुळलंय.

जेवत नाही. बोलता बोलता मध्येच थांबते आणि भिंतीकडे बघते. हाक मारली की दचकते. कालपर्यंत हॉल हॉल करणारी, तीन दिवस झाले ग्लोव्हज खुंटीवरून काढले नाहीत. डोकं दुखतं म्हणून दुपारी झोपते. आणि जरा काही विचारलं की फणा काढते. मी काय आंधळी आहे? माझ्या धाकट्या बहिणीला हेच झालं होतं, सहा महिन्यांनी सायकलच्या दुकानवाल्याबरोबर पळाली.

सुनेला सांगितलं. ती पाय चेपत बसली होती, डोळे मिटलेले. म्हणाली, "आई, तिला लढतीचं टेन्शन आलंय."

"टेन्शनला उजेड टोचतो का गं?"

"मग प्रेमाला टोचतो का?"

तोंडाची कमी नाही सुनेलाही. माझ्याकडूनच शिकली.

रविवार, ९

काल नाकमोड्याची बॅग दिली. शिवण दुहेरी घातली, मेण लावलेल्या दोऱ्यानं. आता फाटली तर कापड फाटेल, शिवण उसवणार नाही.

आज मुंगीनं मला एक कागद आणून दिला. तिच्याच अक्षरात पाच शब्द. चादर, घंटा, बटाटा, शिडी, खार.

"हे काय? बाजाराची यादी? खार कुठं मिळते?"

"आजी, खेळाडूंच्या भरतीला परीक्षा असते. असंच काहीतरी विचारतात. तू रोज सकाळ-संध्याकाळ वाचून दाखव, आणि दहा मिनिटांनी मला विचार. कागद मला दाखवायचा नाही."

"आणि हे आईला का नाही सांगत?"

"आईला वेळ आहे का?"

ते खरं. वाचून दाखवले. दहा मिनिटांनी विचारले तर तीनच आले. चादर, घंटा, आणि बराच वेळ छताकडे बघून, खार. मला पाचही आले. मग वर्षाचे महिने उलटे म्हणायचे. त्यातही मी पुढे. म्हटलं, "मलाच भरती करा म्हणावं."

हसली नाही.

मंगळवार, ११

आज माझ्या हातून कधी नाही झालं असं झालं. बँकेतल्या शिपायाच्या शर्टाची बाही दोन इंच आखूड कापली.

मी मापं घेते तेव्हा मुंगी जवळ असेल तर वहीत लिहीतच नाही. आठ वर्षांची होती तेव्हापासून माझी मापांची वही तीच. मी टेप लावायची, बोलायची, आणि चार दिवसांनी कापड पसरून नुसतं ओरडायचं, "शिपाई, बाही?" आतून उत्तर यायचं, "साडेतेवीस." एकदाही चुकली नाही. लग्नाच्या गर्दीत चाळीस माणसांची मापं डोक्यात घेऊन फिरायची.

आज ओरडले. आतून आलं, "साडेएकवीस." मी कापलं. शिपाई घालून बघायला आला तर मनगट बाहेर.

"मुंगे, साडेतेवीस होतं ना?"

"मी तेच सांगितलं."

"साडेएकवीस सांगितलंस."

"नाही सांगितलं!" आणि इतक्या जोरात दार आपटलं की मशीनवरचा दोऱ्याचा डबा पडला. मी रिळं गोळा करत बसले. प्रेमात पडलेलं माणूस खोटं बोलतं हे मला माहीत आहे. पण ही खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तिनं साडेतेवीस सांगितलं.

हे लिहून परत एकदा वाचलं. वय झालं माझं. उगाच काहीतरी.

शुक्रवार, १४

शब्द आता पाचही येतात. सकाळी विचारा, संध्याकाळी विचारा, धाडधाड. मलाही इतके पाठ झालेत की पायडल मारताना तेच तोंडात येतात. मी मुद्दाम उलटसुलट करून विचारले तर मात्र अडली. "शिडीच्या आधी काय?" चिडली. "असं नाही विचारत ते!"

ते कोण आणि कसं विचारतात हे हिला कसं माहीत, असं मनात आलं. पण गिऱ्हाईक आलं.

दुपारी हॉलात गेले. एक हेडगार्ड शिवायला दिलं होतं, ते परत करायला. डोक्याला घालायची टोपी ती. आतला स्पंज दाबून दाबून पापुद्र्याएवढा झाला होता. मी नवीन घातला आणि मनात म्हटलं, या पापुद्र्याच्या भरवशावर माझ्या घरातलं डोकं उभं असतं.

हॉल म्हणजे जुनं गोदाम, वर पत्रा. घामाचा असा वास की डोळ्यांतून पाणी यावं. पोरं दोरीवर उड्या मारत होती, एक तोतरी पोरगी मोठ्यानं आकडे मोजत होती, आणि मोजताना अडखळत नव्हती. हेडमास्तरांच्या अर्जात लिहिलंय की तिथं गुंड तयार होतात. मला गुंड दिसले नाहीत. वीस पोरं, सगळी रांगेत, आणि कोणी तोंड वर करून बोलत नव्हतं. हेडमास्तरांच्या शाळेत इतकी शिस्त मी बघितली नाही. पण मधल्या रिंगमध्ये दोघं एकमेकांच्या डोक्यावर मारत होती, तेही दिसलं. ठप्प ठप्प असा आवाज. ओल्या चादरी दगडावर आपटल्यासारखा.

मुंगी बाकावर बसली होती, रिंगच्या बाहेर.

नाकमोड्याला विचारलं, "ही बसून का?"

"आजी, मी घरी येऊन सांगितलं होतं ना तुम्हाला सगळं."

घरी येऊन यानं मला बॅगेशिवाय काय सांगितलंय? पण तो इतक्या खात्रीनं बघत होता, आणि मला उशीर होत होता. म्हटलं कशाला या बेवड्याच्या नादी लागा.

"हो हो," म्हटलं. "सांगितलं होतं."

त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

सोमवार, १७

हेडमास्तर परत. अर्जाला त्रेसष्ट सह्या झाल्या, माझी हवी. "तुमच्या घरातली मुलगी तिथं जाते. तुमची सही म्हणजे शंभर सह्या."

मी म्हटलं, "एक सांगा. मारामारी वाईट ना?"

"अर्थात."

"माझा मुलगा तिसरीत असताना तुम्ही त्याच्या बोटांवर लाकडी पट्टी मोडली होती. पाढा चुकला म्हणून. मग मी तुमच्याकडे आले होते, तर तुम्ही म्हणालात, मुलांच्या भल्यासाठी असतं. तेव्हा हा समाज कुठं गेला होता?"

हेडमास्तर लाल झाले. "ते वेगळं होतं."

"वेगळं होतंच. इथं हातात ग्लोव्हज तरी असतात."

गेले तणतणत. मला जिंकल्यासारखं वाटलं, चहा पिईपर्यंत. मग वाटलं, मी त्यांना गप्प केलं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

मुंगी म्हणाली, "आजी, गुरुवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल. लढतीआधी तपासणी असते, घरच्या मोठ्या माणसाची सही लागते."

"आईला ने."

"तिची कारखान्यात पाळी आहे. आणि आई शंभर प्रश्न विचारते."

"आणि मी?"

"तू वाचायला इतका वेळ लावतेस की तोवर काम होऊन जातं." आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवार, २०

सगळं क्रमानं लिहिते.

डॉक्टरची खोली लहान. टेबल, पडदा, भिंतीवर कानाचं चित्र. बाहेर बाकावर आठ-दहा पोरं वाट बघत होती, डॉक्टर घाईत. बॉक्सिंगच्या संघटनेचा डॉक्टर तो, सगळ्या लढणाऱ्या पोरांना तोच तपासतो. माझ्यापुढे कागद सरकवला. "आजी, इथं सही करा."

मी चष्मा काढला, पुसला, घातला. वरची ओळ वाचायला लागले. त्यानं मुंगीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. ती डोळे मिटणार होती, पण मिटले नाहीत. जबडा आवळून बसली. एका पायावर उभं केलं. उभी राहिली. थोडी हलली.

मी वाचत होते. डो-क्या-ला. डोक्याला. मा-र. मार.

"आता मी पाच शब्द सांगतो, नीट ऐक," डॉक्टर म्हणाला. फायलीतून एक जुना, कोपरे दुमडलेला कागद काढला आणि वाचला.

"चादर. घंटा. बटाटा. शिडी. खार."

माझं बोट "लागल्यानंतरची" या शब्दावर होतं. ते तिथंच राहिलं.

मुंगी माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या कानाच्या चित्राकडे बघत होती. तिनं अगदी सावकाश, विचार केल्यासारखं करून म्हटलं, "चादर... घंटा... बटाटा... शिडी... खार." मध्ये मध्ये थांबली सुद्धा. थांबायचंही पाठ केलं होतं पोरीनं. आणि मी मूर्ख, रोज दोनदा, मीच तिला ते शिकवत होते.

"छान," डॉक्टर म्हणाला आणि खूण केली.

मला एकदम सगळं दिसलं. मोरीतलं ओकणं. पडदा. मीठ. साडेएकवीस. नाकमोड्या दारात उभा, "काहीतरी सांगायचं होतं." आणि मी हॉलात म्हटलेलं ते "हो हो."

मुंगीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती विनवत नव्हती. नुसती बघत होती, रिंगमध्ये समोरच्या पोरीकडे बघते तशी, की आता ही काय करणार. तिच्या त्या एका दाराची किल्ली माझ्या हातातल्या पेनात होती. मी सही केली असती तर रविवारी ती लढली असती. जिंकलीही असती. तेही मला माहीत आहे.

मी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर," म्हटलं, "हिला दुसरे पाच विचारा."

"काय?"

"दुसरे शब्द. हे मलाही येतात." आणि म्हणून दाखवले. चादर, घंटा, बटाटा, शिडी, खार. मग उलटे पण म्हणून दाखवले. "दहा दिवस मीच घोकून घेतलेत. तुमचा कागद कायम हाच असतो, हे हिला मागच्या तपासणीपासून ठाऊक आहे."

डॉक्टरनं कागद पालथा ठेवला. मुंगी म्हणाली, "आजी." एवढंच. हळू.

डॉक्टरनं इकडेतिकडे बघितलं, जे दिसेल ते सांगितलं. पंखा, चप्पल, कापूस, खिडकी, डबा. मग उलटे आकडे, मग महिने, मग परत शब्द.

तिला पंखा आठवला. आणि डबा. बाकीच्या तिघांसाठी ती खोलीभर बघत राहिली. तिन्ही वस्तू तिच्या समोर होत्या. खिडकी तर उघडी होती.

डॉक्टरनं पेन उचललं आणि कागदावर आडवी रेघ मारली.

शुक्रवार, २१

मुंगी बोलत नाही. माझ्याशी नाही, आईशी नाही. अंथरूण उचलून स्वयंपाकघरात नेलंय.

सुनेला सगळं सांगितलं. वाटलं ती माझ्यावर ओरडेल, की पोरीचं नशीब घालवलं. तिनं डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "मी तिच्या उशाशी झोपते आई, आणि मला कळलं नाही." मग कामावर गेली. पाळी चुकवून चालत नाही.

नाकमोड्याकडे गेले. भांडायलाच गेले होते. हॉल रिकामा होता, तो एकटा पट्ट्या गुंडाळत बसला होता, हाताला बांधतात त्या. मी सुरुवात केली, "चार तारखेला पोरीच्या डोक्याला मार लागला आणि तुम्ही..."

"लागला ना. मीच थांबवलं तिला लगेच. म्हटलं दोन आठवडे रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो, सांगितलं."

"नाही सांगितलंत."

"सांगितलं आजी. तुम्ही मशीनवर होता. परवा तुम्हीच म्हणालात, सांगितलं म्हणून."

ते मी म्हटलं होतं. माझ्याच तोंडानं.

तो पट्टी गुंडाळत होता. शेवटाला आला, की सगळी सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला लागला. तीनदा बघितलं मी. मी त्याच्या अगदी जवळ गेले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. दारूचा वास नव्हता. कधीच नसणार. मी हुंगून न बघताच ठरवून टाकलं होतं.

"सर, तुम्ही किती लढती लढलात?"

"एकशे बारा," पटकन म्हणाला. ते मात्र विसरला नव्हता.

भांडण घेऊन गेले होते, तसंच परत आणलं.

रविवार, २३

लढत अकराला होती. अकराला मुंगी भिंतीकडे तोंड करून बसली होती, हातांच्या मुठी मांडीवर. साडेअकरापर्यंत तशीच. मी शिपायाच्या दुसऱ्या शर्टाची बाही कापली. साडेतेवीस. टेपनं तीनदा मोजून.

बुधवार, २६

हेडमास्तरांना बातमी लागली. चेहरा असा, जसे काही परीक्षेत पहिले आले. "बघा! मी म्हणत होतो. आता तरी सही करा. उद्या नगरपालिकेत तुम्हीच बोला, लोक तुमचं ऐकतील."

अर्ज कात्रीखालून काढला. आता तिन्ही पानं वाचून झाली आहेत. म्हटलं, "तुमच्या अर्जात लिहिलंय की तिथं पोरं मारायला शिकतात. माझी पोरगी मारण्यानं बिघडली नाही. चार वर्षांपूर्वी ती भिंतीला घासून चालायची, आता रस्त्याच्या मधून चालते. ते त्या हॉलानंच केलं. आणि तिच्या डोक्याला मार दिला तोही त्या हॉलानंच. दोन्ही एकाच पत्र्याखाली. तुमच्या तीन पानांत पहिलं नाही, आणि दुसरंही नीट नाही."

"म्हणजे तुम्ही बाजूनं की विरोधात?"

"मला बाजू शिवता येते सर, घेता येत नाही."

मग त्यांच्या सह्यांच्या खाली, जिथं जागा होती तिथं, मी माझ्या अक्षरात लिहिलं: डॉक्टरनं दर वेळी नवे शब्द विचारावेत. तपासणीला घरचं माणूस असावं आणि त्याला आधी सगळं सांगावं. डोक्याला लागलेल्या पोराला लढायचं की नाही ते एकट्यानं ठरवू देऊ नये. कोचचीही तपासणी व्हावी. आणि खाली सही.

"असं चालत नाही, आजीबाई. अर्ज एकच मागणी करतो."

"मग माझा वेगळा समजा."

कागद घडी करून घेऊन गेले. देतात की फाडतात, बघू. मी दुसरा लिहून ठेवलाय.

बोलताना आतल्या दाराचा पडदा हलला. वारा नव्हता.

शनिवार, २९

दुपारी नाकमोड्या आला. "आजी, बॅग झाली का?"

बॅग तीन आठवडे त्याच्या हॉलात टांगलेली आहे. पोरं रोज हेडमास्तरांच्या पँटीला मारतायत.

मी ओरडणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, "सर, बसा जरा. एक गंमत करू. मी पाच शब्द सांगते. चादर, घंटा, बटाटा, शिडी, खार."

"काय आजी, पोरांचे खेळ."

"म्हणा तर खरं."

त्याला चहा दिला. मशीनला तेल घातलं. मग विचारलं.

तो चहाकडे बघत राहिला. "चादर," म्हणाला. मग कान खाजवला. छताकडे बघितलं. तेच छत, त्या दिवशी बघितलेलं. "चादर... आणि... थांबा, येतंय." येत नव्हतं. हसला, तेच लहान पोराचं हसू, पण ओठ जरा वाकडा झाला. "मुंगीला सांगू नका हां. तिला वाटतं मला सगळं आठवतं."

पडदा सरकला. मुंगी तिथंच उभी होती. किती वेळ होती देव जाणे. चेहरा पांढरा पडला होता. त्याच्याकडे अशी बघत होती, जसा काही तो आरसा आहे आणि आरशात तिला कोणीतरी म्हातारं दिसलंय.

पायात चपला घातल्या, त्याचा कप हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "सर, चला. मी येते घरापर्यंत."

"मला घर माहीत आहे गं!"

"मला नाही माहीत. दाखवा."

गेली दोघं. रस्त्याच्या मधून.

तासाभरानं आली. चपला काढल्या, जागेवर ठेवल्या. नळ बंद आहे का बघितलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दहा दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"तू तेव्हा गप्प बसली असतीस तर मी जिंकले असते."

"माहीत आहे."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"मी मागितली पण नाही."

थोडा वेळ मशीनचं चाक हातानं उलटं फिरवत राहिली. त्यानं दोरा गुंततो, तिला माहीत आहे, मी फिरवू दिलं. मग म्हणाली, "उद्यापासून रोज नवे पाच काढ. खरे. मला न सांगता."

संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही विचारत जा ते शब्द, आई." बिचारी इतकी दमली होती की बसल्या जागी झोपली.

उद्याचे पाच काढून ठेवलेत. इथं लिहीत नाही. ही वही कुठं असते ते कार्टीला ठाऊक आहे.